तिसरी ओळ

घोडेगाव,
७ सप्टेंबर २०१६

सावळेराम गुरुजींना कांतीलालचा जय जिनेंद्र.

काल आमची संवत्सरी झाली. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाला दुखावलं असेल त्याची माफी मागायचा दिवस. दुकानातल्या माणसांपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना हात जोडून झाले, मिच्छामि दुक्कडम् म्हणून झालं. तुम्ही एकटे राहिलात. गेली बावीस वर्षं या दिवशी तुम्ही स्वतःच हिरडेवाडीहून खाली उतरायचात आणि मी हात जोडायच्या आत म्हणायचात, "शेठ, केलं माफ. च्या सांगा." यंदा तुम्ही निमगाव साव्याला लेकीकडे, रुपालीकडे आहात, म्हणून पत्र.

तुमच्या मंडळींना, इंद्रायणीबाईंना, जाऊन महिना झाला. दहाव्याला मी आलो होतो. मागे, हिरड्याच्या झाडाखाली उभा होतो, तुमच्या लक्षात आलं नसेल. तुमच्या शाळेतले गोकुळ मास्तर भेटले. तुम्ही प्रशिक्षणाला पुण्यात होतात, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. आठ तारखेला सकाळी त्यांनी शाळेतल्या भिंतीवरचं आपलं, दुकानाचं कॅलेंडर बघितलं. 'हुतात्मा गेणभाऊ स्मृतिदिन.' तारीख यंदा पहिल्यांदाच छापली होती. मग पोरं घेऊन ओढ्यापलीकडे गेणभाऊंच्या दगडाला हार घालायला गेले. बाई शिरा करून सोबत गेल्या. येताना ओढा चढला होता. दोघांनी मिळून सतरा पोरं अलीकडे आणली. मग बाई म्हणाल्या, "पातेलं राहिलं पलीकडं. सरकारी हाय, असंच कसं टाकायचं?" आणि परत पाण्यात उतरल्या.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे. तरी लिहितोय, कारण लिहिल्याशिवाय ते माझ्या डोक्यातून हलत नाही. मास्तर आणखी एक म्हणाले. नऊ तारखेला ऊन पडलं होतं आणि ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात आलात. सगळं गाव तुम्हाला बोलत होतं, कॅलेंडरवर खाली 'संकलन : सावळेराम गुरुजी' असं छापलेलं ना! तुम्ही विचारलंत, "शेठ, माझा कागद काढा. गेणभाऊंची तारीख मी आठ लिहिली का नऊ?" मी उत्तर दिलं. ते आता पुन्हा उगाळत नाही. कागद प्रेसमध्येच राहिला आणि नऊच्या चौकटीत जागा होती म्हणून तिथं दुकानाच्या पंचाहत्तरीची ओळ टाकली, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

२०१७च्या कॅलेंडरच्या कामाला दिवाळीआधी बसायला हवं. याल ना? तुमची बैठक तशीच ठेवली आहे.

तुमचा
कांतीलाल

*

घोडेगाव,
२८ ऑगस्ट २०१७

सावळेराम गुरुजी,

परवा संवत्सरी झाली. पुन्हा हात जोडतो.

मागच्या वर्षीचं तुमचं कार्ड गादीखाली ठेवलंय. किती वेळा वाचलं ते विचारू नका. "शेठ, माफी तुम्ही कसली मागता? मागायची ती मी. तीन वर्षं कचेऱ्या पालथ्या घालून गेणभाऊंची नऊ तारीख शोधली आणि उतरवताना हातून आठ लिहिली गेली. तुमच्या दिनदर्शिकेला डाग लागला. यापुढे माझं नाव घालू नका." मी तुम्हाला मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं आणि तुम्ही मलाच उलट म्हणायचं, हे काही बरोबर नाही, गुरुजी. मला ते कार्ड फाडताही येत नाही. आमच्याकडे लिहिलेला कागद फाडणं, जाळणं पाप. ज्ञानाची आशातना, अवहेलना होते. माझ्या दुकानात १९६० सालातली जत्रेची पत्रकंसुद्धा बांधून ठेवलेली आहेत, तुम्ही पाहिलीत.

यंदाचं कॅलेंडर एकट्यानं केलं. लोकांना वाटतं दिनविशेष म्हणजे काय, पुस्तकातून उतरवायचं. तीनशे पासष्ट चौकटी आणि प्रत्येकीत तीन ओळी. तुमचा नियम पाळला. जगाची एक, देशाची एक, आणि तिसरी आपली. पहिल्या दोन कुठूनही मिळतात. तिसरीनं रडवलं. तुम्ही कुठून आणायचात हो? घोडेगावात पहिली एसटी आली तो दिवस. वाडीच्या शाळेवर पत्रे चढले तो दिवस. भीमाशंकरच्या वाटेवर पहिला दिवा लागला तो दिवस. आणि १९ फेब्रुवारीला आपण दरवर्षी भांडायचो. महाराज शिवनेरीवर जन्मले, म्हणून मी म्हणायचो ही ओळ आपल्या जुन्नरची, आणि तुम्ही म्हणायचात, "शेठ, महाराजांना तालुक्यात नका कोंडू." यंदा भांडायला कोणी नव्हतं. मी त्यांना दोन्ही ओळींत घातलं.

आठ ऑगस्टच्या चौकटीपाशी पेन्सिल घेऊन दोन दिवस बसलो. पहिल्या ओळीला काहीतरी मिळालं, दुसरीत बेचाळीसचा 'छोडो भारत' ठराव. तिसरीत गेणभाऊ तसेच राहू दिले. जिनेश म्हणाला, "पप्पा, गुरुजी तर नऊ म्हणतात ना? मग दुरुस्त करा." मी म्हटलं, एकदा छापलेलं बदललं की लोक विचारतात का बदललं. तो हिशेबाच्या वहीकडे वळला. मुलगा आहे, पण दुकानदाराचा.

इंद्रायणीबाईंनी त्या वर्षीच्या संक्रांतीच्या आधी एक हिरवं पातळ बाजूला ठेवायला सांगितलं होतं. "शेठ, ह्यो रंग जात न्हाई ना? मग ठेवा, भात इकला की न्हेते." ते अजून फळीवर आहे. कुणाला विकत नाही. रुपालीला पाठवू का?

कांतीलाल

*

घोडेगाव,
४ सप्टेंबर २०१९

सावळेराम गुरुजी,

मिच्छामि दुक्कडम्.

दोन वर्षांत तुमची दोन कार्डं आली, दोन्हींत तेच. "माझी चूक पोटात घाला." रुपालीनं पातळ परत पाठवलं, त्याचा राग नाही. आईच्या नावाचं कापड पोर नेसणार नाही, मीच विचार करायला हवा होता.

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे यायला निघालो होतो. हे तुम्हाला माहीत नाही. एक कागद हातात द्यायचा होता. सकाळी जेवून निघालो, मंचर, नारायणगाव करत आळेफाट्याला उतरलो. तिथं निमगाव साव्याची गाडी गेली होती, पुढची तीनला. हॉटेलच्या बाकड्यावर बसलो. समोर ट्रकवाले, गॅरेजं, टायरांचे ढीग, धूर. पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. तीनची गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसायचं का न्हाई? गाडी काय तुमच्यासाठी थांबणार हाय का?" मी म्हटलं, नाही, मला घोडेगावला जायचंय. सूर्य मावळायच्या आत जेवावं लागतं आम्हाला, उशीर झाला असता.

घरी आलो तेव्हा पानबाईनं पिशवी हातातून घेतली. ती नुसती म्हणाली, "दिला नाही ना?" ताट वाढलं होतं. उजेड पुष्कळ होता, तरी जेवलो नाही. संसाराला चाळीस वर्षं झाली की बायकोला काही सांगावं लागत नाही, आणि त्यात सुख कमी, त्रास जास्त आहे.

कागद कसला ते भेटीत सांगेन.

हिरडेवाडीतली दोन माणसं परवा कापडाला आली होती. तुमचं नाव निघालं. एकजण म्हणाला, "गुरुजी चांगला मानूस, पन त्या एका आकड्यापायी बायको घालवली." मी त्याला दोरा, बटणं सगळं फुकट दिलं. का दिलं असं जिनेशनं विचारलं.

कांतीलाल

*

घोडेगाव,
२ सप्टेंबर २०२२

आदरणीय सावळेराम गुरुजी,

सप्रेम जय जिनेंद्र. संवत्सरीनिमित्त मिच्छामि दुक्कडम्.

मागच्या कार्डावरचं अक्षर तुमचं नव्हतं. रुपालीनं खाली लिहिलंय की काचबिंदूनं तुमची नजर गेली, आता कार्ड ती लिहिते आणि आलेली पत्रंही तीच वाचून दाखवते. वाईट वाटलं.

इकडे पाऊसपाणी ठीक. भात उभा आहे. कॅलेंडरचं काम चालू आहे. पानबाईचे गुडघे दुखतात.

आणखी काही लिहायचं होतं. चार पानं लिहिलीही होती. रुपालीच्या तोंडून तुमच्या कानावर जाणार म्हटल्यावर ती ठेवून दिली. रुपाली, बाळ, आण्णांना वेळेवर थेंब घालत जा.

कांतीलाल

*

घोडेगाव,
१९ जुलै २०२५

सावळेराम गुरुजी,

संवत्सरी अजून लांब आहे, पण थांबता येत नाही.

काल गोकुळ मास्तर दुकानात आले. आता ते हिरडेवाडीच्या शाळेचे मुख्याध्यापक आहेत, कानाजवळ पांढरं झालंय. पोत्यातून काळा दगड आणावा तशी बातमी आणली. गावानं वर्गणी काढून गेणभाऊंच्या जागेवर ग्रॅनाइटचा दगड केलाय. त्यावर 'हुतात्मा दि. ८ ऑगस्ट १९३०' असं कोरलं आहे. खाली इंद्रायणीबाईंचं नाव आहे, त्याच तारखेला, २०१६. मला म्हणाले, "शेठ, तारखेचा पुरावा मागितला गावानं. म्हटलं, शेठचं कॅलेंडर दहा वर्षं आठच सांगतंय, आनखी काय पुरावा पायजे? तुमीच पाव्हणे. आठ तारखेला उद्घाटन तुमच्याच हस्ते."

पुरावा. आपलं कॅलेंडर, गुरुजी. पान उलटून जुनी कॅलेंडरं बघितली. दहा वर्षं, दहा आठ. दरवर्षी मी पेन्सिल घेऊन बसलो, दरवर्षी तीच ओळ तिथं ठेवली. पहिल्या वर्षी घाईत झालं म्हणता येईल. बाकीची नऊ कुणी छापली?

मास्तर जाता जाता म्हणाले, "गुरुजी बी येनारेत. रुपाली घेऊन येतीये. लोकांसमोर उभं राहून बोलायचं म्हन्तात." काय बोलायचंय ते त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं.

नका येऊ. तब्येत सांभाळा. डोंगराची वाट आहे, पावसाचे दिवस आहेत, डोळे नाहीत. तुम्हाला तिथं काहीच बोलायची गरज नाही. खरंच नाही. मी सांगतो म्हणून तरी ऐका.

कांतीलाल

*

घोडेगाव,
२९ ऑगस्ट २०२५

सावळेराम गुरुजी,

आणि रुपाली, तूही. कारण हे तू वाचणार आहेस.

आठ तारखेला तुम्ही आलात. मी खुर्चीवर होतो, अंगावर शाल, मांडीवर नारळ. रुपालीनं तुमचा हात धरून तुम्हाला दगडापाशी नेलं. तुम्ही बोटांनी अक्षरं चाचपलीत. गेणभाऊंचं नाव, मग तारीख, मग खाली बाईंचं नाव. तिथं तुमचं बोट थांबलं. मग तुम्ही वळलात आणि म्हणालात, "मंडळी, ही तारीख खोटी हाये. गेणभाऊ नऊ ऑगस्टला गेले. म्या कागद बघितलाय. आठ ही माझ्या हातची चूक. पोरं आठला गेली ती माझ्यापायी. माझी बायको गेली ती बी माझ्यापायी. दगडावर नऊ घाला, आन ज्यानं चूक केली त्याचं नाव बी खाली घाला. माझं."

बायका रडायला लागल्या. गोकुळ मास्तर तुमच्या पाया पडले, "न्हाई गुरुजी, पोरं म्या न्हेली, म्या," म्हणत. मग कुणीतरी म्हणालं, दगड कोरून झालाय, आता कसं करायचं. आणि मास्तर माझ्याकडे वळले. "शेठ, तुमीच सांगा. कागदात काय व्हतं?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, "आठ."

एवढंच बोललो. नऊ वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात विचारलंत तेव्हाही एवढंच बोललो होतो. उतरताना तुम्ही माझा हात शोधलात. म्हणालात, "शेठ, माझ्यामुळं तुमच्या कॅलेंडरला डाग लागला. माफ करा." आणि मी म्हणालो, "असू द्या, गुरुजी." मी तुम्हाला माफ केलं! मी!

काल संवत्सरी होती. प्रतिक्रमणाला बसलो, पाठ येतं तसं सगळं म्हटलं, चौऱ्यांशी लाख योनींतल्या जिवांची माफी मागितली. मुंगीची मागितली, पाण्यातल्या जिवाची मागितली. घरी आल्यावर पानबाई म्हणाली, "एवढ्या लाखांची मागता, एकाची नाव घेऊन मागा." म्हणून हे पत्र आहे.

रुपाली, इथून पुढचं तुझ्या आईबद्दल आहे. आण्णांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं. ते ओझंही मी तुझ्यावरच टाकत होतो. सगळं वाच, मोठ्यानं वाच.

गुरुजी, तुम्ही नऊ लिहिलं होतंत.

२०१५च्या दिवाळीच्या आधी मंचरच्या प्रेसमध्ये मी ऑगस्टचं प्रूफ तपासत होतो. दरवर्षी प्रूफ मीच बघायचो, तुम्ही शाळा सोडून येऊ शकत नव्हता. आमचे वडील हजारीमलजी मारवाडातून खांद्यावर गठ्ठा घेऊन आले आणि ९ ऑगस्ट १९४१ला घोडेगावात दुकान उघडलं. २०१६ला पंचाहत्तर वर्षं होत होती. मला बापाच्या नावाची एक ओळ हवी होती, लाल शाईत, त्याच तारखेला. नऊच्या चौकटीत तुमच्या तीन ओळी भरलेल्या. जगाची, आदिवासी दिन. ती काढली असती तर तुम्हाला लागलं असतं, तुमच्या माणसांचा दिवस. देशाची, क्रांतिदिन. ती काढली असती तर गावात ओरड झाली असती. राहिले गेणभाऊ. शेजारी आठच्या चौकटीत तिसरी ओळ रिकामी होती. मी पेन्सिलीनं बाण काढला, नऊकडून आठकडे. प्रेसवाल्याला म्हणालोही, "पंच्याऐंशी वर्षांपूर्वी गेलेला माणूस, एका दिवसानं त्याचं काय बिघडतंय?" तो हसला. मी पण हसलो.

तुम्हाला कळवायचं राहिलं. खोटं कशाला बोलू, कळवायचं टाळलं. तीन वर्षं तुम्ही त्या एका आकड्यामागे हिंडलात, तुम्ही भांडला असतात. विचार केला, पुढच्या वर्षी परत जागेवर नेऊ.

कागद प्रेसमध्ये राहिला नव्हता. माझ्यापाशी होता. जाळता येईना. दर ज्ञानपंचमीला घरातल्या पुस्तकांची, कागदांची पूजा होते, त्या गठ्ठ्यात तो असायचा. पानबाई त्याच्यावरही गंध-फूल वाहायची. तोच घेऊन आळेफाट्यापर्यंत आलो होतो. या पाकिटात तो घातला आहे. ऑगस्टचं पान. रुपाली, अक्षर तू ओळखशील.

जिनेश म्हणतो, गुरुजी आता थकलेत, त्यांना हे कळवून काय मिळवणार, उलट त्रास. दहा वर्षं मीही स्वतःला हेच सांगत आलो. गुरुजी, तुम्ही रोज स्वतःला बायकोचा मारेकरी समजून झोपता, याहून जास्त त्रास मी काय देणार होतो?

बाई परत येणार नाहीत. त्या एका देशभक्ताच्या दिवसासाठी गेल्या असं गाव म्हणतं, तेवढाही आधार मी आता काढून घेतोय. त्या दिवशी काहीच नव्हतं, गुरुजी. आठ तारखेला तिथं जायचं काही कारणच नव्हतं. एका कापडवाल्याला लाल ओळ हवी होती.

मिच्छामि दुक्कडम् लिहीत नाही. ते छापील कार्डावरही असतं. या वर्षी कॅलेंडरात सगळं जागेवर आणीन. गोकुळ मास्तरांनाही लिहिलं आहे, दगड माझ्या खर्चानं बदलावा म्हणून. तुम्ही दरवर्षी आठ दिवसांत कार्ड पाठवता. यंदा शिव्या लिहून पाठवा. रुपाली, ते सांगतील तशा लिही.

कांतीलाल हजारीमल

*

घोडेगाव,
१४ डिसेंबर २०२५

रुपाली,

पत्र पाठवू नका म्हणालीस, म्हणून हे पत्र नाही. कॅलेंडरच्या सुरळीत घातलेला कागद आहे. नको असेल तर वाचू नकोस.

आठ दिवस कार्डाची वाट बघितली, मग महिना, मग दोन. पोस्टमन दारावरून गेला की पानबाई माझ्याकडे बघायची नाही, तेवढी दया तिनं केली. दिवाळीनंतर तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, मी कापड अर्धवट फाडून तसाच उभा राहिलो. तू काय बोललीस ते शब्द न् शब्द लक्षात आहे.

"शेठ, वाचलं म्या. दोन्दा वाचलं. चार दिसांनी आण्णा भाकर खाता खाता म्हनले, 'नऊच लिवलं व्हतं ना म्या?' म्हनलं, व्हय आण्णा. आता रोज इचारतात. सकाळी इचारतात, सांजच्याला इचारतात. तुमचा त्यो कागद उशाला घेऊन बसतात, बोट फिरवतात त्याच्यावर. दिसत तर काय न्हाई. मी सांगते नऊ हाये, पन माझं खरं वाटत न्हाई त्यांना. म्हन्तात, तू मला बरं वाटावं म्हनून सांगतीस."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का? रागानं तरी?

"न्हाई. तुमचं नाव घेतलं की तोंड भितीकडं करतात. आन मला बी आता तुमची पत्रं वाचवत न्हाईत. नऊ वर्सं मी आण्णाला घालून-पाडून बोललीये, शेठ. तुमच्या बोटामुळं आई गेली, म्हनले त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं. कॅलेंडर तेवढं धाडा. आईचं नाव असंल त्यात तर भितीला लावीन."

फोन ठेवल्यावर गिऱ्हाईक विचारत होतं, मीटर किती झाले. मला मोजता येईना.

कॅलेंडर पाठवलंय. दगड बदलायला गाव तयार नाही. म्हणतात, आता सवय झाली, बाईंचाही तोच दिवस आहे, एकत्रच राहू दे. मास्तरांनी दोनदा सभा घेतली. माझं आता तिथं कुणी ऐकत नाही, आणि का ऐकावं. कॅलेंडर मात्र माझं आहे. नऊच्या चौकटीत गेणभाऊ परत आले आहेत. दुकानाची ओळ काढली.

आठच्या चौकटीची तिसरी ओळ लिहायला मला दीड महिना लागला. एका ओळीत वीसेक अक्षरं मावतात, रुपाली. पहिल्यांदा सगळं लिहिलं, तारीख कुणी बदलली, का बदलली, कोण गेलं. दहा ओळी झाल्या. मग खोडत गेलो. दिलगिरी खोडली. क्षमा खोडली. मिच्छामि दुक्कडम् मावत होतं, तेही खोडलं. जिनेश म्हणाला, "पप्पा, लोक कॅलेंडर लग्नाच्या तिथी बघायला लावतात, असली ओळ असलेलं कोण घरात लावेल?" ठाऊक नाही. हिरडेवाडीला दिलेली निम्मी परत आली आहेत. त्या ओळीत आता असं छापलंय :

'इंद्रायणीबाई गेल्या. चूक कांतीलालची.'

खाली 'संकलन' म्हणून कुणाचंही नाव नाही. तुझ्या आण्णांचं घालू का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

एक काम कर. या कागदातलं बाकी काही वाचू नकोस, फक्त शेवटची ओळ त्यांना वाचून दाखव. मी सांगितलं म्हणून सांग. तोंड भिंतीकडे केलं तरी वाच. माझ्या तोंडून त्यांनी दोनदा आठ ऐकलंय.

नऊच होतं, गुरुजी. तुमच्याच अक्षरात, खाली रेघ मारून.